पेट्रोल भरताना गाडीवरून का उतरायचं? पंपावरच्या नियमांमागची कारणं, दुचाकीवाल्यांसाठी

मुंबईतल्या पेट्रोल पंपावर दुचाकीवाल्याला दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘गाडी पुढे घ्या’ आणि ‘झिरो बघा’. ‘खाली उतरा’ हे तिसरं वाक्य क्वचितच कानावर पडतं, आणि माझ्या मते तेच सगळ्यांत आधी सांगायला हवं. मागे बसलेल्याला उतरवतात, पण तेही बहुधा स्कूटरची सीट उचलायची असते म्हणून. बाइक चालवणारा मात्र दोन्ही पाय जमिनीला टेकवून तसाच बसून राहतो. टाकी दोन मांड्यांच्या मध्ये, झाकण उघडं आणि वरून पेट्रोलची धार.

पंपावरच्या पाट्या आपण इतक्या वेळा पाहिलेल्या असतात की आता त्या वाचल्याच जात नाहीत. इंजिन बंद करा, धूम्रपान करू नका, मोबाइल वापरू नका. गेल्या काही वर्षांत त्यात हेल्मेटची आणि पीयूसीची भर पडली. सगळे नियम एकाच भिंतीवर लिहिलेले असले तरी ते एका जातीचे नाहीत. काही नियम पेट्रोलच्या स्वभावातून आलेत. ते मोडले तर आग लागू शकते, मग समोर पोलीस असो वा नसो. काही नियम आपल्या खिशाच्या रक्षणासाठी आहेत आणि ते पाळायची जबाबदारी पंपाची आहे. आणि काही नियम रस्त्यावरची शिस्त पंपाच्या दारात आणून उभी केल्यामुळे आलेत. यातला कुठला नियम कुठला, हे कळलं की कुठे अडून बसायचं आणि कुठे उगाच हुज्जत घालायची नाही, हेही कळतं.

पेटते ती वाफ

पेट्रोल पेटतं असं आपण म्हणतो, पण पेटते ती त्याची वाफ. उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपाससुद्धा पेट्रोलमधून पेट घेण्याइतकी वाफ निघत असते. डिझेलला त्यासाठी आधी चांगलं तापावं लागतं. पेट्रोलला मुंबईची कुठलीही रात्र पुरेशी गरम आहे. म्हणजे टाकीचं झाकण उघडलं त्या क्षणापासून वाफ बाहेर पडायला लागलेली असते.

ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. त्यामुळे ती वर उडून जात नाही. सांडलेल्या पाण्यासारखी खाली उतरते आणि सखल जागी साचते. आता दुचाकीची रचना डोळ्यांसमोर आणा. कारमध्ये पेट्रोल भरायचं तोंड मागच्या बाजूला, इंजिन बहुधा पुढे, आणि चालक काचेआड. बाइकमध्ये टाकी थेट इंजिनच्या डोक्यावर. झाकणाच्या हातभर खाली स्पार्क प्लग, त्याची वायर आणि नुकतंच तापलेलं सायलेन्सरचं वाकण. टाकीतून उतरलेली वाफ किंवा ओघळलेलं पेट्रोल जातं ते नेमकं तिथेच. स्कूटरची टाकी सीटखाली किंवा पायांखाली असते, पण तिथेही इंजिन फार लांब नसतंच. म्हणून मी म्हणतो, पंपावरचा प्रत्येक सुरक्षेचा नियम कारवाल्यापेक्षा दुचाकीवाल्याला जास्त लागू पडतो. प्रत्यक्षात मात्र तो सगळ्यांत ढिला पाळला जातो तो आपल्याच रांगेत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण 1.4 ते 7.6 टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच मिश्रण पेटतं. टाकीच्या आत वाफ इतकी दाट असते की तिला जळायला पुरेशी हवाच मिळत नाही. बाहेर चार पावलांवर ती इतकी विरळ होते की पेटत नाही. धोक्याचं मिश्रण तयार होतं ते टाकीच्या तोंडाशी आणि त्याच्या वीतभर आजूबाजूला. पंपावर बसून राहणाऱ्याचं पोट, मांड्या आणि हात बरोबर त्याच जागेत असतात.

ते मिश्रण पेटवायला ठिणगीही मोठी लागत नाही. एक मिलिज्यूलच्या चौथ्या भागाइतकी ऊर्जा पुरते. कोरड्या हवेत नायलॉनचं जॅकेट काढताना जी चटचट होते, तिच्यात याहून जास्त ऊर्जा असू शकते.

म्हणून इंजिन बंद. चालू इंजिनमध्ये प्लगच्या वायरला तडा असेल तर ठिणगी बाहेर उडते, आणि जुन्या गाड्यांमध्ये असे तडे सर्रास सापडतात. नुसतं हँडलवरचं लाल बटण दाबून भागत नाही, कारण त्यानं इंजिन थांबतं पण बाकीचा वीजपुरवठा चालू राहतो. किल्ली फिरवूनच बंद करायचं. ज्या बाइकचं झाकण त्याच किल्लीनं उघडतं, तिथे हे आपोआप होतं. अडचण स्कूटरची आहे. काही नव्या स्कूटरची सीट इंजिन चालू असतानाही उघडता येते, आणि घाईत तसं करणारे दिसतात.

गरम सायलेन्सरचं काय? पेट्रोलची वाफ ठिणगीशिवाय, नुसत्या उष्णतेनं पेट घ्यायला साधारण 250 ते 280 अंश लागतात, आणि उघड्या पृष्ठभागावर प्रत्यक्षात याहून बरंच जास्त, कारण वाफ तिथून निसटून जाते. त्यामुळे सायलेन्सरवर पडलेला प्रत्येक थेंब भडकत नाही. पण सायन-पनवेल रस्त्यावर तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडून आलेल्या गाडीचं वाकण 300 अंशांच्या पुढेही गेलेलं असू शकतं. अशा गाडीवर पेट्रोल सांडणं म्हणजे नशिबावर हवाला ठेवणं. रांगेत उभं असताना दर दोन मिनिटांनी गाडी सुरू करून चार फूट पुढे नेण्याऐवजी किल्ली काढा आणि ढकलत न्या. तेवढ्यात इंजिन थोडं निवतं.

उतरल्याने नेमकं काय होतं

तीन गोष्टी होतात. पेट्रोल उसळलं तर ते पँटवर न पडता जमिनीवर पडतं. कपड्यांत पेट्रोल मुरलं तर माणूस स्वतःच वात होतो. त्या कपड्यांतून पुढची बरीच मिनिटं वाफ निघत राहते. दुसरं, काही झालंच तर मागे सरायला जागा असते. गाडीवर बसलेल्या माणसाला पाय टाकून उतरायला दोन-तीन सेकंद लागतात, त्यात गाडी कलंडते आणि उघडी टाकी रिकामी होते. तिसरं, गाडी स्टँडवर स्थिर राहते. बसलेला माणूस खिशातून पैसे काढायला वळला की गाडी हलते, आणि नोझल टाकीत असताना गाडी हलणं हे सांडण्याचं नेहमीचं कारण आहे.

लहान मुलांच्या बाबतीत मला हे फार कळकळीनं सांगावंसं वाटतं. शाळा सुटायच्या वेळेला पंपावर बघा. स्कूटरवर आई, पुढे पायांशी उभं राहिलेलं पाच-सहा वर्षांचं पोर, पाठीला दप्तर. आई उतरते, सीट उचलते, पण पोर पुढेच उभं राहतं, हँडलला धरून. वाफ खाली उतरते हे लक्षात घेतलं तर त्या पोराचं नाक सगळ्यांत खाली आहे. आधी मुलाला उतरवायचं, मशीनपासून दूर, गाड्या ये-जा करत नाहीत अशा कडेला उभं करायचं आणि मग झाकण उघडायचं. बरोबर दुसरं मोठं माणूस असेल तर त्याच्यापाशी द्यायचं. याला अर्धा मिनिट लागतो.

नोझल आपोआप का बंद होत नाही

कारमध्ये पेट्रोल भरताना नोझल अडकवून ठेवतात आणि टाकी भरली की ते ‘खट्’ आवाज करून बंद पडतं. दुचाकीत मात्र कर्मचारी ते हातात धरून, डोळा लावून, थोडं थोडं सोडत भरतो. अनेकांना वाटतं हा त्याचा काही डाव आहे. तसं नाही.

नोझलच्या टोकाशी, आतल्या अंगाला, एक बारीक भोक असतं. पेट्रोल वाहत असताना त्या भोकातून हवा आत ओढली जात असते. टाकीतलं पेट्रोल चढत त्या भोकापर्यंत आलं की हवेची वाट बंद होते, आत दाब घसरतो, एक पातळ पडदा ओढला जातो आणि खटका पडतो. कारच्या टाकीला लांब नळी असते, नोझल त्यात खोल जाऊन बसतं, म्हणून हे बिनचूक चालतं. बाइकची टाकी उथळ असते. नोझल पूर्ण घातलं तर पेट्रोल तळाला आपटून उडतं, शिंतोडा भोकावर बसतो आणि मशीन मध्येच बंद पडतं. म्हणून कर्मचारी नोझल अर्धवट बाहेर धरतो. मग भोक पेट्रोलच्या वर राहतं आणि खटका वेळेवर पडत नाही. म्हणजे दुचाकीत पेट्रोल उतू जायचं थांबवणारी यंत्रणा प्रत्यक्षात एकच उरते: त्या माणसाचा डोळा आणि बोट. तो बारा तास उभा असेल, मागून हॉर्न वाजत असतील, तर चूक होणारच. त्याला ‘लवकर करा’ म्हणणं म्हणजे आपल्याच टाकीवरचा पहारा ढिला करणं.

एवढं मात्र सांगायला हरकत नाही की नोझलचं धातूचं टोक टाकीच्या तोंडाला टेकलेलं असू द्या. टेकलेलं असलं की दोन्हींमधला विजेचा भार समान होतो आणि ठिणगीचं कारण उरत नाही. हवेत वीतभर वरून धार सोडली तर वाफही जास्त उठते आणि भारही साचतो.

टाकी ‘फुल्ल’ करायची सवय अनेकांना आहे, अगदी झाकणाला लागेपर्यंत. तीही सोडलेली बरी. जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल तुलनेनं थंड असतं. दहा लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं तर सुमारे 200 मिलिलिटरने फुगतं. उन्हात लावलेल्या काळ्या टाकीत वीस अंश चढायला वेळ लागत नाही. जागा नसेल तर ते बाहेर येतं. शिवाय 2017 नंतरच्या दुचाकींत टाकीची वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा असतो. टाकी गळ्यापर्यंत भरली तर वाफेऐवजी पेट्रोलच त्यात शिरतं आणि तो निकामी होऊ शकतो. टाकीच्या तोंडातून खाली जी पट्टी किंवा कडा दिसते, तिथे थांबायचं.

मोबाइल आणि क्यूआर कोड

मोबाइल वापरू नका ही पाटी आणि तिच्या शेजारीच पैसे भरायचा क्यूआर कोड, हे दृश्य आता प्रत्येक पंपावर आहे. मग खरं काय?

मोबाइलच्या लहरींनी पंपावर आग लागल्याचं एकही प्रकरण पक्कं सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत पंपांच्या यंत्रसामग्रीशी संबंधित संस्थेनं पेट्रोल भरतानाच्या आगींच्या नोंदी अनेक वर्षं गोळा केल्या. शंभराहून अधिक प्रकरणांत बोट स्थिर विजेकडे गेलं, म्हणजे अंगावर साचलेल्या भाराकडे. त्यांपैकी बऱ्याच वेळा माणूस भरताना मध्येच गाडीत जाऊन बसला, सीटला कपडे घासले आणि परत येऊन त्यानं नोझलला हात लावला.

दुचाकीवाल्यानं यातून घ्यायचं ते असं. मुंबईची दमट हवा बरीचशी मेहेरबान आहे, कारण ओलाव्यात भार टिकत नाही. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, तेव्हा नायलॉनचं जॅकेट घालून सीटवरून घसरत उतरताना अंगावर भार येऊ शकतो. उतरल्यावर झाकणाला हात लावण्याआधी गाडीच्या मागच्या धातूच्या दांड्याला उघड्या हातानं स्पर्श करा. झालं.

मोबाइलचा खरा धोका लक्ष विचलित होण्याचा आहे. डिलिव्हरीचं काम करणाऱ्या पोरांकडे बघा. हँडलवर फोन, त्यावर पुढच्या ऑर्डरची घड्याळं, एक हात झाकणावर. त्या पोरांना दोष देता येत नाही. मिनिट चुकलं तर पैसे कापले जातील ही धास्ती त्यांच्या डोक्यावर असते. तरी पेट्रोल पडत असेपर्यंत फोन खिशात आणि नोझल निघून झाकण लागल्यावर, बाजूला सरकून कोड स्कॅन, हा क्रम पाळता येतो. मशीनला चिकटवलेल्या कोडापेक्षा कर्मचाऱ्याच्या हातातला किंवा कडेच्या खांबावरचा कोड बरा.

आणि भरताना जर भडका उडालाच, तर नोझल ओढून काढायचं नाही. हात आपोआप तिकडेच जातो, पण बाहेर ओढलेल्या नोझलमधून पेट्रोल फवारलं जातं आणि टाकीच्या तोंडाशी असलेली आग सगळीकडे पसरते. नोझलचा दट्ट्या सोडायचा, ते जिथे आहे तिथेच ठेवायचं, माणसांनी मागे व्हायचं आणि ओरडून सांगायचं. मशीन बंद करायचं बटण, वाळूच्या बादल्या आणि पावडरचे अग्निशामक पंपावर असतात, ते वापरायचं काम कर्मचाऱ्यांना शिकवलेलं असतं. नुसतं सांडलं असेल, पेटलं नसेल, तर तिथेच किक मारू नका. पुसून घ्या, ढकलत दहा-पंधरा पावलं दूर न्या, वाळू द्या, मग सुरू करा.

बाटलीत का देत नाहीत

उड्डाणपुलावर गाडी बंद पडते, मालक रिकामी पाण्याची बाटली घेऊन पंपावर येतो आणि पंपवाला नकार देतो. भांडणं होतात. पंपवाला माणुसकी नसलेला असतो असं नाही.

1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं 30 लिटरपर्यंत पेट्रोल बाळगायला परवाना लागत नाही. पण ते कशात ठेवायचं हेही कायद्यानं सांगितलंय: घट्ट बुचाच्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात, तेही एक लिटरपर्यंतच्या, किंवा 25 लिटरपर्यंतच्या धातूच्या डब्यात. प्लॅस्टिकच्या बाटलीचं नाव त्या यादीत नाही. आणि कारण तेच, भार. पेट्रोल नळीतून वाहताना त्याच्यात विजेचा भार तयार होतो. धातूचा डबा जमिनीवर ठेवला तर तो भार जमिनीत जातो. प्लॅस्टिकमधून तो जात नाही, बाटलीतच साचतो. वर बाटलीचं अरुंद तोंड, बाहेर उसळणारी वाफ आणि बाटली धरलेला हात. पातळ प्लॅस्टिक नंतर बॅगेत दबून फुटतं ते वेगळंच.

जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत, नव्या फौजदारी कायद्यातल्या अपघाताच्या कलमाविरुद्ध ट्रक आणि टँकरचालकांनी संप केला, तेव्हा मुंबईतल्या पंपांवर दुचाक्यांच्या रांगा रस्त्यावर आल्या होत्या. पेट्रोल संपणार या भीतीनं घरात साठा करायची इच्छा होणं स्वाभाविक आहे. पण चाळीत किंवा दहा बाय बाराच्या खोलीत, गॅसच्या शेगडीजवळ पेट्रोलची बाटली ठेवणं हा संपापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. दुसऱ्याच्या टाकीतून नळीनं तोंडानं ओढून काढणंही टाळा. घोटभर पेट्रोल श्वासनलिकेत गेलं तरी फुप्फुसं जायबंदी होतात.

यावर खरा उपाय गाडी त्या थराला न नेणं हाच. इंधन इंजेक्शनच्या नव्या बाइकांना जुन्यासारखा रिझर्व्हचा कॉक नसतो. शिवाय त्यांचा विजेचा पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडलेला असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो. दिवा लागल्यावरही आठवडाभर चालवत राहिलात तर नुकसान पंपाचं होतं.

पावसाळा

बाइकच्या झाकणाभोवती जो खोलगट भाग असतो, त्यात एक बारीक भोक असतं. तिथे पडलेलं पाणी त्या भोकातून नळीवाटे खाली जावं अशी सोय असते. धुळीनं आणि चिखलानं ते बुजतं, आणि पावसाळ्यात कुणाच्या लक्षात येत नाही. मग झाकण उघडलं की तिथे साचलेलं पाणी सरळ टाकीत. जूनच्या आधी मेकॅनिककडून किंवा स्वतः पातळ तारेनं ते भोक साफ करून घ्या. पंपावर पावसात झाकण उघडण्याआधी फडक्यानं टिपून घ्या.

हे आधीही महत्त्वाचं होतं, आता जास्त झालंय, कारण पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे. त्यातलं काही आपल्याच राज्यातल्या उसापासून तयार होतं. साधं पेट्रोल पाण्यात मिसळत नाही. थोडं पाणी गेलं तर तळाशी बसून राहतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. थोडं पाणी असेल तर ते मिश्रणात विरघळून जळूनही जातं. प्रमाण वाढलं की मात्र इथेनॉल पाण्याला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि दोन्ही मिळून तळाला जातात. टाकीतलं पेट्रोल तळातूनच ओढलं जातं. गाडी झटके देते, बंद पडते आणि आपण पंपाला शिव्या देतो. कधी दोष पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत असतो, कधी आपल्या झाकणात. पंपावर टाकीतलं पाणी तपासायची एक लेपासारखी पेस्ट असते, ती मोजपट्टीला लावून आत सोडतात; पाणी लागलं की रंग बदलतो. आसपास पाणी तुंबून गेलं असेल तर ही तपासणी झाली का, हे विचारायला काहीच हरकत नाही.

इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं घटतं. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ही घट 3 ते 4 टक्के धरली होती.

पावसाचीच आणखी एक गोष्ट. सर आली की दुचाकीवाले पंपाच्या छपराखाली घुसतात. 13 मे 2024 ला वादळी पावसात घाटकोपरच्या छेडानगरला पंपावर महाकाय होर्डिंग कोसळलं आणि 17 माणसं गेली. मशीनपाशी गाड्या दाटीवाटीनं उभ्या राहिल्या की काही घडल्यावर बाहेर पडायची वाट बंद होते. वादळात पंपापेक्षा पक्क्या इमारतीचा आडोसा बरा.

हेल्मेट, पीयूसी आणि पंप

ब्रिटनमधल्या बऱ्याच पंपांवर दुचाकीस्वाराला हेल्मेट काढायला सांगतात. तिथे माणूस स्वतः पेट्रोल भरतो आणि नंतर पैसे देतो. न देता पळाला तर कॅमेऱ्यात चेहरा दिसायला हवा. आपल्याकडे नेमकं उलटं, हेल्मेट असेल तरच पेट्रोल. महाराष्ट्रात जुलै 2016 मध्ये तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी अशी घोषणा केली. पंपचालकांनी विरोध केला आणि थोड्याच दिवसांत सरकारनं पाऊल मागे घेतलं. 2025 मध्ये इंदूर-भोपाळमध्ये आणि उत्तर प्रदेशात अशा मोहिमा झाल्या. त्याच वर्षी जुलैत दिल्लीत जुन्या गाड्यांना इंधन नाकारायचा नियम लागू झाला आणि काही दिवसांतच थांबवला गेला. आपल्या राज्यातही पीयूसी नसेल तर पेट्रोल नाही, असं धोरण आणण्याची भाषा झाली आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम 129 हेल्मेटची सक्ती चालवणाऱ्यावर आणि मागे बसणाऱ्यावर करतं. पंपावर ती जबाबदारी टाकत नाही. मुंबईत जून 2022 पासून मागच्यालाही हेल्मेट नसेल तर 500 रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित, अशी कारवाई सुरू झाली. ते काम पोलिसांचं. पंपावरच्या तुटपुंज्या पगाराच्या कर्मचाऱ्यानं नकार द्यायचा आणि समोरच्यानं त्याची कॉलर धरायची, ही व्यवस्था मला मुळीच पटत नाही. हेल्मेट घालायलाच हवं, यात दुमत नाही. पण पंपवाल्यानं नाही म्हटलं तर भांडू नका. तो नियम त्यानं केलेला नाही.

खिशाचे नियम

इथे मात्र अडून बसा. मशीनच्या आत पेट्रोल मोजणारं मीटर फिरतं, त्याला जोडलेला पल्सर प्रत्येक फेरीला विजेचे ठोके पाठवतो आणि ते ठोके मोजून पडद्यावर लिटर दिसतात. 2017 मध्ये आधी उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांच्या छाप्यांत महाराष्ट्रातही जे उघड झालं, ते याच जागचं: चिप बसवून किंवा पल्सरशी खेळ करून ठोके वाढवायचे. म्हणून शंभरऐवजी एकशे दहाचं भरलं की फसवणूक टळते, या समजुतीला अर्थ नाही. ठोकेच खोटे असतील तर आकडा कुठलाही सांगा.

टळू शकतो तो हातचलाखीचा प्रकार. आकडा शून्यावर न आणता सुरू करणं, किंवा पाचशे सांगितल्यावर दोनशेला थांबवून ‘ऐकू आलं नाही’ म्हणत पुढे भरणं आणि बोलण्यात गुंतवणं. गाडीवरून उतरून मशीनकडे तोंड करून उभं राहिलं की हे जवळपास बंद होतं.

प्रमाणाची शंका आली तर पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं. ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. पाच लिटरला 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढचा नाही. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागा. त्यावर टाकलेला थेंब दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून जायला हवा. रंग घातलेलं महागडं पेट्रोल असेल तर हलकी छटा राहू शकते. घनताही तपासता येते: हायड्रोमीटर आणि थर्मामीटर पंपावरच असतात, तक्त्यावरून ती 15 अंश सेल्सिअसला किती भरते ते काढायचं आणि टँकरबरोबर आलेल्या आकड्याशी ताडायचं, फरक घनमीटरला 3 किलोच्या आत हवा. चाकांत हवा भरून मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि त्याचे पैसे लागत नाहीत.

तक्रार वही मागितली की ‘साहेब नाहीत’ असं उत्तर येऊ शकतं. तरी बिल घ्या. त्यावर मशीन आणि नोझलचा क्रमांक, वेळ, लिटर सगळं असतं, आणि त्याशिवाय तक्रारीला आधार नसतो. ते हातात ठेवून संबंधित तेल कंपनीकडे, वैधमापन विभागाकडे किंवा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.